शिकवणं ड्युटी लिस्टवर आणताना: दोन वॉर्डांतल्या क्लिनिकल पोस्टिंगच्या नोंदी

आमचा नर्सिंग विभाग आणि आमचे विद्यार्थी पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकायला, जातात ते रुग्णालय, अशा दोघांनी मिळून एक सर्जिकल आणि एक मेडिकल वॉर्ड घेऊन पोस्टिंगची घडी नव्याने बसवायचं ठरवलं. विभागाकडून मी, रुग्णालयाकडून त्या दोन वॉर्डांच्या इन्चार्ज सिस्टर. करार आणि बैठकांची इतिवृत्तं वेगळ्या फायलीत आहेत. असंच काही करू बघणाऱ्यांना या वहीचा उपयोग जास्त होईल, म्हणून ती जवळपास जशीच्या तशी देते आहे.

५ जून

आज काही बदलायचं नाही, फक्त बघायचं, असं ठरवून सर्जिकल वॉर्डात बसले.

वॉर्डाचा हँडओव्हर, म्हणजे जाणाऱ्या पाळीने येणाऱ्या पाळीला पेशंटची माहिती देणं, साडेसातला होतो. आमचे विद्यार्थी आठला येतात. म्हणजे कोणाचं काल ऑपरेशन झालं, कोणाची ड्रेन काढायची आहे, रात्री कोणाचा ताप चढला, हे सगळं बोलून झाल्यावर मुलं वॉर्डात शिरतात. आठ जण नर्सिंग स्टेशनपाशी उभे. स्टाफपैकी कोणीतरी म्हणतं, "सगळ्यांचे बीपी, टीपीआर घेऊन टाका." टीपीआर म्हणजे ताप, नाडी, श्वास. ते झालं की बेड मेकिंग. त्यानंतर जो तो मोकळा. दुसऱ्या वर्षाची मुलगी आणि शेवटच्या वर्षाची मुलगी एकच काम करत होत्या. कोण कुठल्या वर्षाला आहे, हे वॉर्डात कोणालाच माहीत नव्हतं. विचारायचं कारणही नव्हतं.

लॉगबुकात प्रत्येक प्रोसिजरपुढे तीन रकाने आहेत: पाहिलं, मदत केली, स्वतः केलं. जुनी लॉगबुकं चाळली. बहुतेक सह्या पोस्टिंगच्या शेवटच्या दिवसाच्या, एकाच पेनाच्या.

९ जून

पहिली बैठक. मेट्रन, दोन्ही इन्चार्ज, आमच्या विभागप्रमुख आणि मी.

अपेक्षेप्रमाणे आधी तक्रारी निघाल्या. रुग्णालयाचं म्हणणं, मुलं कशासाठी येतात ते आम्हाला कळत नाही. आमचं म्हणणं, स्टाफ शिकवत नाही. दोन्ही खरं होतं, त्यामुळे कोणी मागे हटेना. शेवटी सर्जिकलच्या इन्चार्ज म्हणाल्या, "मॅडम, शिकवायला आमची ना नाही. सकाळी पेशंट आहेत, राउंड आहे, ऑपरेशनला न्यायचे पेशंट आहेत. यात शिकवायचं कधी, तेवढं सांगा."

उत्तर कोणाकडेच नव्हतं. बैठकीचा खरा विषय तोच होता, हे पुढे सगळं फिरून तिथेच आल्यावर कळलं.

नमुना म्हणून डेडिकेटेड एज्युकेशन युनिटचा विचार झाला. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाने ही पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणली. अमेरिकेत पोर्टलंड विद्यापीठाने ती २००३ पासून वापरली. वॉर्ड एकाच संस्थेच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवायचा. रोजचं शिकवणं वॉर्डातल्या नर्सेसनी करायचं आणि विद्यापीठाच्या शिक्षकांनी त्या नर्सेसना शिकवायला मदत करायची. आमच्याकडे सबंध वॉर्ड राखणं शक्य नव्हतं, कारण तिथे इतर संस्थांची मुलंही येतात. तडजोड म्हणून या दोन वॉर्डांत पोस्टिंगच्या काळात फक्त आमची एक बॅच ठेवायची आणि इतरांना दुसरे वॉर्ड द्यायचे, असं ठरलं. मेट्रननी ते जमवलं. त्यासाठी त्यांना किती फोन करावे लागले ते त्यांनाच ठाऊक.

१६ जून

प्रत्येक आठवड्याची उद्दिष्टं छापून नर्सिंग स्टेशनजवळ लावली. सुबक तक्ता, वर्षानुसार रंग.

२० जून

तक्ता कोणी वाचलेला नाही. त्यावर ऑक्सिजन सिलिंडर बदलायच्या वेळा लिहिलेला कागद चिकटवला आहे. तो कागद कामाचा आहे, म्हणून तसाच राहू दिला.

२३ जून

हँडओव्हरची वेळ. ऐकायला अगदी किरकोळ गोष्ट. आठचे सव्वासात करायला आमच्या वेळापत्रकातला स्किल लॅबचा तास हलवावा लागला. तो हलवला की दुसऱ्या वर्गाचा तास हलतो. तो हलला की बसची फेरी हलते. आमच्याच विभागात यावर जितका वाद झाला, तितका रुग्णालयाशी कुठल्याच मुद्द्यावर झाला नाही.

वेळ जमली, तर नवी अडचण. आठ मुलं हँडओव्हरला गोल करून उभी राहिल्यावर स्टाफला पेशंटच दिसेना. नाइट करून घरी निघालेल्या सिस्टर वैतागल्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मग बॅच दोन पाळ्यांत विभागली. चार सकाळी, चार दुपारी. गर्दी निम्मी झाली आणि दुपारच्या मुलांना सकाळी कधीच न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या: ऑपरेशनहून परत येणारे पेशंट, संध्याकाळची औषधं, नातेवाइकांचे प्रश्न.

पाळी संपताना आपल्या पेशंटचा हँडओव्हर विद्यार्थ्यानेच द्यायचा, एसबारच्या क्रमाने: आता काय चाललंय, मागची हकीकत, माझा अंदाज, पुढे काय करावं. पहिल्या दोन भागांत सगळे तरबेज. "माझा अंदाज" आला की गप्प.

१ जुलै

सुपरवायझर सिस्टर ठरवल्या. ज्येष्ठता यादी घेतली आणि वरून नावं उचलली. हा मार्ग कोणी घेऊ नका. वरच्या नावांपैकी एक रजेवर होती, एकीकडे स्टोअरचं काम होतं, आणि एकीने सरळ सांगितलं की मला शिकवायला आवडत नाही. तिच्या स्पष्टपणाबद्दल आभारच मानले. त्याच वॉर्डात नोकरीला लागून फार वर्षं न झालेली एक सिस्टर होती. मुलं प्रश्न विचारायला आपणहून तिच्याकडे जायची. तिचं नाव यादीत फार खाली होतं. इच्छा विचारून दुसरी यादी केली.

एका विद्यार्थ्याला एक सिस्टर, हा हिशोबही टिकला नाही. सिस्टरची नाइट लागली की विद्यार्थी पोरका. पुढचे दिवस तो पुन्हा नर्सिंग स्टेशनपाशी उभा. आता एका विद्यार्थ्यामागे दोन सिस्टरांची जोडी असते. दोघींची नाइट एकाच वेळी लागू द्यायची नाही, हे बघायचं काम इन्चार्जचं.

७ जुलै

या सगळ्या खटाटोपातली सर्वात महत्त्वाची नोंद हीच, म्हणून सविस्तर लिहिते.

सुपरवायझर सिस्टरांना विचारलं, विद्यार्थ्याबरोबर किती वेळ मिळाला? "वेळ मिळाला तसा." म्हणजे मिळाला नाही. त्यांच्याकडे पेशंट इतरांइतकेच, अॅडमिशन इतरांइतक्याच, आणि वर शिकवणं. कागदावर त्या सुपरवायझर होत्या. ड्युटी लिस्टवर त्यांची ड्युटी नेहमीसारखीच होती. वॉर्ड चालतो तो ड्युटी लिस्टवर, आमच्या करारावर नाही.

इन्चार्ज सिस्टरनी पुढची लिस्ट करताना त्या नावांपुढे पाळीच्या खुणेशेजारी एक छोटा "शि" लिहिला. अर्थ असा: या पाळीला हिच्याकडे एक विद्यार्थी आहे, हिला पहिली अॅडमिशन द्यायची नाही आणि पेशंटची वाटणी थोडी हलकी ठेवायची. पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्यात तर स्पष्टच कमी, कारण तेव्हा विद्यार्थ्याबरोबर काम केल्याने वेळ वाचत नाही, जास्त लागतो. पुढे विद्यार्थी पेशंटचं बरंचसं स्वतः सांभाळू लागतो, तेव्हा वाटणी पुन्हा सारखी.

दोन दिवसांत कुरबूर सुरू झाली. "त्यांना शिकवणी, आम्हाला अॅडमिशन." रास्त बोलणं होतं. त्यावर दोन गोष्टी केल्या. "शि" फिरता ठेवला, आणि पहिल्या आठवड्यापुरती पूलमधली, म्हणजे गरजेप्रमाणे कुठल्याही वॉर्डात पाठवता येणारी, एक रिलीफ सिस्टर त्या वॉर्डाला मिळाली. रिलीफचे तास रुग्णालयाने सोसले. बदल्यात विभागाने स्टाफसाठी स्किल लॅब खुली केली, ग्रंथालयाचं लॉगिन दिलं आणि स्टाफला हव्या त्या विषयांवर आमच्या शिक्षकांनी वॉर्डात सत्रं घ्यायचं कबूल केलं. मेट्रननी हे सगळं लेखी मागितलं. मागितलं ते बरं झालं, नाहीतर लॅबची किल्ली कोणाकडे यावरूनच सगळं अडलं असतं.

१० जुलै

सुपरवायझर सिस्टरांसाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण. प्रौढ शिक्षणाची तत्त्वं, अभिप्राय कसा द्यावा, स्लाइड्स. पुढच्या रांगेत नाइट करून आलेल्या दोघी बसल्या बसल्या झोपल्या. झोपू दिलं.

दुसऱ्या आठवड्यापासून तेच काम वॉर्डात, पेशंटपासून चार पावलांवर, एका वेळी वीस मिनिटं. फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये मांडलेली "वन मिनिट प्रीसेप्टर" पद्धत घेतली. तिच्या पाच पायऱ्या: तुला काय वाटतं ते आधी वदवून घ्या, कशावरून ते विचारा, एक सर्वसाधारण नियम सांगा, बरोबर केलेलं नेमकं सांगा, चुकलेलं सुधारा. सिस्टरांनी पहिल्या दोनच पायऱ्या उचलल्या. तेवढ्यानेही फरक पडला, कारण आजवर विद्यार्थ्याला "तुला काय वाटतं?" असं कोणी विचारलंच नव्हतं.

१८ जुलै

मेडिकल वॉर्ड, सकाळची पाळी. एका विद्यार्थिनीने टीपीआरचा चार्ट भरून आणला. नाडी प्रत्येकाची वेगळी, ताप वेगळा. रेस्पिरेशन मात्र १८, २०, १८, २०, १८. ओळीने. असे चार्ट सगळ्यांनीच पाहिले आहेत, काहींनी भरलेही आहेत.

सुपरवायझर सिस्टर रागावल्या नाहीत. तिला घेऊन तिसऱ्या बेडपाशी गेल्या. मनगटावर बोटं ठेव, नाडी मोजते आहेस असंच दिसू दे, नजर छातीवर, आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट. पेशंटला कळलं की आपला श्वास मोजतायत, तर तो बदलतो. म्हणून ही युक्ती. मुलीने मोजले. २६. पुन्हा मोजले. २६.

"आता सांग, काय वाटतं?"

"जास्त आहे."

"कशावरून?"

मुलीने चार्टचा रंगीत भाग पाहिला. आमच्याकडे न्यूज-२ चा, म्हणजे पेशंट बिघडतोय का ते गुणांवरून लवकर ओळखायचा, चार्ट आहे, रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारून काढलेला. त्यात १२ ते २० ला शून्य गुण, आणि २५ किंवा त्याहून जास्त असेल तर थेट ३. एकाच निकषाला ३ गुण मिळाले तरी पेशंट तातडीने पाहिला गेला पाहिजे. पाच मिनिटांपूर्वीच्या चार्टवर हाच पेशंट शून्यात होता. डॉक्टरांना मुलीनेच कळवलं, एसबारने, आवाज थोडा कापत होता. त्या दिवशी "माझा अंदाज" हा भाग तिने गाळला नाही.

चार्ट भरायला वेळ लागला, राउंडला थोडा उशीर झाला. "शि" नसता तर त्या सिस्टरनी चार्ट घेऊन फाइलला लावला असता. दुसरं काही करायला त्यांच्याकडे वेळच नसता.

२२ जुलै

रुग्णांची संमती. एका आजींनी विद्यार्थ्याकडून कॅथेटर केअर (लघवीच्या नळीची स्वच्छता) करून घ्यायला नकार दिला. मुलगा खजील झाला. नियम ठरवला: आधी सिस्टरने विचारायचं, विद्यार्थी तेव्हा समोर नसावा. समोर असला की माणसं भिडेपोटी हो म्हणतात.

२९ जुलै

मूल्यमापन. जी सिस्टर रोज शिकवते तिनेच पास-नापास करायचं, यात दोघांचीही अडचण होते. विद्यार्थी शंका विचारत नाही, कारण अज्ञान दिसेल. सिस्टर खरं लिहीत नाही, कारण उद्या त्याच्याबरोबरच काम करायचं आहे. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने २०१८ च्या मानकांत ही कामं वेगळी केली: शिकवणारी सुपरवायझर, वॉर्डाकडून मूल्यमापन करणारी दुसरी व्यक्ती, आणि विद्यापीठाकडून तिसरी. आम्ही तेच धरलं. मूल्यमापन इन्चार्जकडे, विद्यापीठाकडून मी.

कागदावर छान दिसलं. पण इन्चार्जना विद्यार्थ्याबद्दल कळणार कुठून? रोजच्या अभिप्रायासाठी आम्ही दोन पानी फॉर्म दिला होता. तो कोरा यायचा, नाहीतर सगळीकडे "चांगली". फॉर्म रद्द. आता लॉगबुकात रोज दोन ओळी: आज काय जमलं, उद्या काय करायचं. दुसरी ओळ विद्यार्थ्याने लिहायची, सिस्टरने वाचून सही. शेवटच्या दिवशी एकगठ्ठा सही करायची सोय या दोन ओळींनी बंद केली, कारण कालची "उद्या" आज विचारली जाते.

६ ऑगस्ट

पोस्टिंगच्या मध्यावर आढावा. एका विद्यार्थिनीच्या लॉगबुकात सगळं ठीक. बोलताना मात्र दोन्ही सुपरवायझर म्हणाल्या, "तिला एकटीला औषधं देऊ देत नाही आम्ही."

मग लिहिलं का नाही? दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नुकसान होईल तिचं, अजून शिकतेय, पुढच्या पोस्टिंगला सुधारेल. स्कॉटलंडच्या कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं: मेंटॉर दुबळ्या विद्यार्थ्याला नापास करायला कचरतात, संशयाचा फायदा देतात, आणि बऱ्याचदा अडचण इतक्या उशिरा मांडतात की काही करायला वेळ उरत नाही.

आमच्याकडे निम्मं पोस्टिंग शिल्लक होतं. अडचण नेमकी काय ते शोधलं. ती औषधाचं लेबल, डोस, वेळ नीट बघायची. पेशंटचं नाव मात्र बेड नंबरवरून धरायची, मनगटावरची पट्टी बघायची नाही. "औषधांत कच्ची" असं लिहिलं असतं तर ती फार्माकॉलॉजी वाचत बसली असती. योजना एका ओळीची लिहिली: प्रत्येक डोसआधी पेशंटलाच नाव विचारायचं, पट्टीशी ताडून बघायचं, सिस्टर शेजारी उभी. महिना संपायच्या आत तिची सवय बदलली. सही इन्चार्जनी स्वतः बघून केली.

१४ ऑगस्ट

स्टाफपैकी तिघी एकाच वेळी आजारी. "शि" वगैरे सगळं बाजूला. मुलं पुन्हा बेड मेकिंग आणि टीपीआर.

मला वाटलं होतं, दोन दिवसांचा प्रश्न आहे, सोडून द्यावं. इन्चार्ज सिस्टर ऐकेनात. त्यांनी लिस्टवरच्या प्रत्येक बुडालेल्या "शि" वर लाल रेघ मारली. "शिकवलं नाही तर नाही म्हणायचं. रेघ दिसली नाही तर रिलीफ कोण देईल?" महिन्याच्या बैठकीत ती लिस्ट टेबलावर ठेवली. कुणाला भाषण द्यावं लागलं नाही. मेट्रननी रेघा मोजल्या आणि आजारपणाच्या रिलीफमध्ये या वॉर्डांचा क्रम वर घेतला.

२७ ऑगस्ट

विद्यार्थ्यांचं मत. त्यासाठी सीएलईएस प्लस टी ही प्रश्नावली घेतली. फिनलंडच्या मिको सारिकोस्की यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काढलेली, ३४ विधानं, पाच भाग: वॉर्डातलं शिकण्याचं वातावरण, सुपरवायझरशी नातं, इन्चार्जची कामाची पद्धत, वॉर्डातल्या नर्सिंगचा दर्जा, आणि शिक्षकाची भूमिका.

पहिल्यांदा मी स्वतः वर्गात वाटली आणि गोळा केली. सगळं उत्तम. सगळ्यांचं. ते कागद बाजूला ठेवले. गुण जाहीर झाल्यावर निनावी, बंद पेटीत, मुलांनीच पुन्हा भरून घेतली.

सुपरवायझरशी नात्याचा भाग सर्वात वर आला. सर्वात खाली शिक्षकाची भूमिका, म्हणजे आम्ही. मोकळ्या जागेत एकाने लिहिलं होतं: मॅडम येतात, सह्या करतात, जातात. रुग्णालयाची घडी बसवायला निघालेल्या विभागाच्या बैठकीत हे वाचून दाखवायला थोडं धैर्य लागलं. इन्चार्ज हसल्या नाहीत, तो त्यांचा मोठेपणा.

बदल असा: आमच्या शिक्षकांचे वॉर्डातले दिवस ठरलेले, त्यात आठवड्यातून एक दुपारची पाळी सक्तीची. त्या वेळेत लॉगबुकाला हात लावायचा नाही. एका विद्यार्थ्याबरोबर त्याच्या एका पेशंटपाशी बसायचं. सह्यांसाठी वेगळा दिवस.

५ सप्टेंबर

हिशोब. पैशापेक्षा तास महाग पडले. सर्वात जास्त वेळ आमच्या वेळापत्रकाने खाल्ला, त्याखालोखाल सुपरवायझरांची यादी दोनदा करण्याने. रंगीत तक्ता, दोन पानी फॉर्म आणि अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण या तिन्हींवर गेलेला वेळ वाया गेला असं धरा. रिलीफचे तास हा एकच खर्च असा, जो दर बॅचला पुन्हा करावा लागेल. तो काढून टाकला तर "शि" नुसतं अक्षर उरेल.

नाइटचा प्रश्न सुटलेला नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी नाइट करायला हवी असं दोन्ही बाजूंना वाटतं, पण रात्री वॉर्डात स्टाफ इतका कमी की कोणाचीही वाटणी हलकी करता येत नाही. इन्चार्ज म्हणतात, रिलीफशिवाय नाइटला विद्यार्थी घेणार नाही. मला ते पटतं, विभागप्रमुखांना अजून पटलेलं नाही.

११ सप्टेंबर

पुढच्या बॅचसाठी: ड्युटी लिस्ट दर महिन्याच्या २० तारखेला होते. विद्यार्थ्यांची नावं, वर्ष आणि पाळ्या १५ पर्यंत इन्चार्जकडे पोहोचल्या पाहिजेत. १६ ला दिली तर "शि" बसवायला पुन्हा सगळी लिस्ट खोडावी लागते, आणि ते त्या करणार नाहीत असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे.